प्रयागबाईंनी पाहिलेला सिनेमा

मागच्या उन्हाळ्यात रिसोडच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवस सिनेमा लावला होता. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर पांढरा पडदा, पंगतीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, दोन्ही बाजूंना घरघरणारे कूलर. सिनेमाचं नाव 'अमर धरण'. एका धरणाला तडा जातो आणि तो तडा नाहीच, असं सगळं सरकार मिळून सिद्ध करत बसतं, अशी ती हसवणारी गोष्ट. मोठ्या शहरांत त्यावरून बरीच भांडणं झाली होती. टीव्हीवर रोज कोणीतरी म्हणायचं की ही आमच्या पक्षाची बदनामी आहे. दुसरा म्हणायचा, बदनामी कसली, तुमचा फोटोच काढलाय.

रिसोडला गंमत अशी झाली की दोन्ही पक्षांच्या लोकांनी सिनेमाचे पास फुकट वाटले. सिनेमा समोरच्याबद्दल आहे, अशी दोघांचीही खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला चिंचदऱ्याच्या प्रयागबाई आल्या होत्या. सोबत मुलगा हरीओम आणि नात संस्कृती. साठी ओलांडलेली, शेतात राबून रापलेली बाई. पडद्यावर पाहिलेला त्यांचा हा आयुष्यातला दुसरा नाहीतर तिसरा सिनेमा असेल. सिनेमा संपत आलेला असताना त्या उठून उभ्या राहिल्या आणि भरलेल्या हॉलला काही बोलल्या. काय बोलल्या ते आजही लोक सांगतात, पण जो तो आपल्या मनचं सांगतो. म्हणून हे पहिल्यापासून सांगायला हवं.

प्रयागबाईंचं माहेर मेडशीचं. आई बाळंतपणात गेली तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. मागे राहिलेलं ते बाळ म्हणजे जगदेव. बाप दिवसभर शेतात, घरात दुसरी बाई नाही. मग प्रयागच त्याची आई झाली. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्याच्या ओठांत धरायची. कडेवर घेऊन पाणी भरायची, कडेवर घेऊनच भाकरी थापायची.

पोर वाढलं, पण बोलेना. तीन वर्षांचं झालं, चार वर्षांचं झालं. गावात म्हणायचे, मुका निघाला. प्रयागला ते पटत नव्हतं. ती त्याला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर न्यायची आणि लांब चरणाऱ्या बैलाकडे बोट दाखवून सांगायची, "त्याले हाक मार. तू हाक मारल्याबिगर तो येत नाई." स्वतः तोंड गच्च मिटून बसायची. ऊन डोक्यावर यायचं. असे कितीतरी दिवस गेले, आणि एका दुपारी त्या पोराच्या गळ्यातून 'ये' असा आवाज निघाला. बैलानं मान वर केली. प्रयाग तिथंच रडली. त्यानंतर जगदेव बोलायचा थांबलाच नाही.

सतराव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती रिसोडकडच्या चिंचदऱ्याला आली. गाव लहान, डोंगराच्या कुशीत. एकच लेकरू झालं, हरीओम. तो पाच वर्षांचा असताना नवरा गेला. दीर-जाऊ वेगळे निघाले. त्या वेळी प्रयागबाईंच्या मागे कोण उभं राहिलं असेल तर जगदेव. पेरणीला यायचा, सोंगणीला यायचा. हरीओमला खांद्यावर बसवून जत्रा दाखवायचा. त्याचं स्वतःचं लग्न झालं होतं, पण बायको काविळीनं गेली आणि मूलबाळ झालं नव्हतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. "माया भाचा हाय न," एवढंच म्हणायचा.

शेतीपेक्षा त्याचं पोट त्याच्या आवाजावर चाललं. सुरुवातीला दुसऱ्याच्या गाडीवर, मग स्वतःच्या तीनचाकी ऑटोवर भोंगा बांधून तो गावोगाव पुकारा करायचा. साड्यांचा सेल, सर्कस, सप्ताह, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली म्हैस, कोणाच्या घरची मयत, आणि निवडणूक आली की सगळे पक्ष. मालेगावपासून रिसोडपर्यंत लोक त्याला आवाजावरून ओळखायचे. आवाज खणखणीत होता, पण त्यात घरचेपणा होता. त्याची एक लकब होती. पुकारा कसलाही असो, शेवटी तो आपल्या पदरचं एखादं वाक्य घालायचा. उन्हाळा असला तर "डोक्याले रुमाल बांधजा बाप्पा", जत्रा असली तर "लेकरं सांभाळजा". त्या एका वाक्यामुळे लोकांना वाटायचं, हा माणूस आपल्याशी बोलून राह्यला.

आता तलावाचं. चिंचदऱ्याच्या वरच्या अंगाला एक तलाव झाला. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं तो आणला आणि त्याच्याच माणसानं बांधला. ज्या साली तो पहिल्यांदा काठोकाठ भरला त्या साली भादव्यात पाच दिवस पावसाची झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना गुराख्यांनी पाहिलं. गावात कुजबुज झाली. कोणी न सांगताच बायकांनी बोचकी बांधली आणि दुपारपर्यंत अर्धं गाव टेकाडावरच्या शाळेत जाऊन बसलं. प्रयागबाई, सून वैभवी आणि नात संस्कृतीही गेल्या. हरीओम त्या दिवशी सोयाबीनच्या औषधासाठी वाशीमला गेला होता.

दुसऱ्या दिवशी जलपूजन ठरलेलं होतं. मोठे लोक यायचे होते. गाव शाळेत जाऊन बसलंय ही बातमी पुढाऱ्याच्या माणसांना परवडणारी नव्हती. त्यांनी जगदेवला गाठलं. कागदावर लिहून दिलं ते असं: तलाव पूर्णपणे सुरक्षित आहे, विरोधकांच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, आपापल्या घरी जा.

जगदेवनं विचारलं, "साहेब, कोणी पाहून आलं काय?"

"आमी सोता पाहून आलो," ते म्हणाले.

तो निघाला. चिंचदऱ्याच्या शाळेसमोर ऑटो उभा करून त्यानं पुकारा केला, आणि नेहमीप्रमाणे शेवटी आपलं वाक्य जोडलं. "घरी जा, चूल पेटवा, निवांत जेवा. तलाव तुमचाच हाय."

लोक उठले. साहेबाच्या कागदावर ते उठले नसते. ते जगदेवच्या आवाजावर उठले.

वैभवी ऑटोजवळ आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा करून विचारलं, "मामाजी, खरंच कायी नाई न?"

"मी सांगून राह्यलो न पोरी," जगदेव म्हणाला. "जाय घरी. अक्काले भाकर टाक गरम."

वैभवी पुढे गेली. प्रयागबाई मागे थांबल्या, कारण संस्कृती शाळेच्या वऱ्हांड्यात झोपली होती आणि तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. दिवेलागणीला बांध फुटला. आवाज आधी आला, मग पाणी. प्रयागबाईंनी टेकाडावरून पाहिलं. घरं वाहून गेली असं म्हणतात, पण त्यांना तसं दिसलं नाही. त्यांना दिसलं की एक एक चूल विझत गेली. घराघरातून जो उजेड दिसत होता तो खालच्या आळीपासून वरपर्यंत नाहीसा होत आला, आणि मग अंधारच राहिला.

चिंचदऱ्याची नऊ माणसं गेली. वैभवी तिसऱ्या दिवशी दोन शेतं पलीकडे सापडली. तिच्या हाताच्या नखांत कणीक होती.

जगदेव त्या दिवशी आला होता. लोकांच्या मागे उभा राहिला. पुढे यायचं त्याला धाडस झालं नाही. हरीओमनं त्याला पाहिलं आणि तो धावत गेला. लहानपणी ज्या खांद्यावर बसला होता त्या खांद्याला धरून त्यानं मामाला चिखलात पाडलं आणि मारलं. जगदेवनं हात वर केला नाही. लोकांनी हरीओमला ओढून बाजूला नेलं. प्रयागबाई सुनेच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यानंतर तीन वर्षं भावाबहिणीची भेट झाली नाही.

पुढे चौकशी झाली. कागद कोणाकडे सापडला नाही. पण शाळेसमोरचा पुकारा एका पोरानं मोबाइलवर काढून ठेवला होता. त्यात जगदेवचा चेहरा होता, त्याचा आवाज होता. तो व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्रात फिरला. "घरी जा, चूल पेटवा, निवांत जेवा" यावर पोरांनी गाणी केली, नाचाचे व्हिडिओ केले. अफवा पसरवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला तो एकट्या जगदेववर. जामिनावर सुटून तो मेडशीला गेला. ऑटो तसाच उभा ठेवला. त्यानंतर त्याचा पुकारा कोणी ऐकला नाही.

चिंचदऱ्याला पुढारी सांत्वनाला आला. त्यानं हरीओमच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा फोटो पेपरात आला. शेतातली माती खरडून खाली दगड उघडे पडले होते, त्यात काही पिकायची आशा नव्हती. पुढाऱ्यानं रिसोडच्या आपल्या सोयाबीनच्या गोदामात हरीओमला काट्यावर कामाला लावलं. हरीओम माय आणि लेकीला घेऊन रिसोडला राहायला आला. सभा असली की गोदामाची सगळी माणसं जायची, तसा तोही जायचा. गळ्यात रुमाल टाकायचा. घरी आला की तो खुंटीला अडकवायचा. मामाचं नाव घरात काढायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. प्रयागबाई काढत नव्हत्या.

अशी तीन वर्षं गेली आणि 'अमर धरण' आला. पास हरीओमच्या गोदामातच वाटले. "माय, चाल," तो म्हणाला. "तलाव फुटल्याचं दाखवलं म्हणते त्यात. त्या लोकायचे कसे वाभाडे काढले ते पाह्य." त्या लोकायचे म्हणजे दुसऱ्या पक्षाचे.

प्रयागबाईंना जायचं नव्हतं. पण संस्कृतीला सुट्ट्या होत्या आणि ती मागे लागली. त्या लुगडं बदलून निघाल्या.

सिनेमा सुरू झाला आणि हॉल हसायला लागला. हसण्यासारखंच होतं. धरणाला तडा जातो. पाहायला आलेल्या इंजिनीयर पोरीला सगळे विचारतात, बाई तू कोणत्या पक्षाची? टीव्हीवर आठ माणसं एकाच वेळी ओरडतात, 'तडा की कट?' मंत्री फीत कापून तड्याचं उद्‌घाटन करतो. भिंतीतून पाणी झिरपायला लागतं तेव्हा फर्मान निघतं की 'ओल' हा शब्द कोणी वापरायचा नाही. तो घाम आहे. धरण जनतेसाठी रात्रंदिवस राबतं, म्हणून त्याला घाम येतो. मग लोक टॉवेल घेऊन धरण पुसायला रांग लावतात.

एका पक्षाची माणसं हॉलच्या डाव्या बाजूला बसली होती, दुसऱ्याची उजव्या. डाव्या बाजूचे हसले की उजव्या बाजूच्यांकडे बोट दाखवायचे. उजव्या बाजूचे हसले की डाव्यांकडे. हरीओमही मंत्र्याला पाहून पोट धरून हसत होता. प्रयागबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं आणि वाईटही. त्या स्वतः फीत कापायच्या वेळी थोड्या हसल्या होत्या.

मध्यंतरानंतर पडद्यावर एक माणूस आला. स्कूटरवर भोंगा बांधलेला, हँडलला झेंडूची माळ, तोंडात पान, डोळ्यांवर काळा चष्मा. चालता चालता स्कूटर गचके खायची आणि त्याबरोबर त्याचा आवाजही. "बंधू आणि भगिनींनो, धरणाला घाम येतोय, घाबरू नका." मग त्यानं मान वाकडी केली आणि सूर लावला. "घरी जा, चूल पेटवा, निवांत जेवा."

हॉलमध्ये हशा फुटला. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मागच्या ओळीतल्या पोरांनी ते त्याच्याबरोबर म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. शिट्ट्या पडल्या. डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे पहिल्यांदाच एकत्र हसले. मंत्र्यावर हसताना त्यांच्यात फूट होती, या भोंगेवाल्यावर हसताना नव्हती.

प्रयागबाईंना आधी समजलं नाही. सूर ओळखीचा होता, शब्दांचे हेल ओळखीचे होते, आणि त्या हेलांना माणसं हसत होती. त्या खुर्चीचा हात धरून बसून राहिल्या. त्या हेलांतला एक एक त्यांनी मेडशीच्या धुऱ्यावर बसून त्याच्या तोंडी घातला होता.

सिनेमातला भोंगेवाला सगळीकडे येत राहिला. दर वेळी लोक हसले. शेवटी धरण फुटतं. पाणी मागून येतंय आणि हा पुढे स्कूटर पळवत ओरडतोय, "घाम आहे, घाम आहे." पाणी त्याला उचलतं. भोंगा तेवढा वर तरंगत राहतो आणि त्यातून बुडबुड्यांचा आवाज येतो.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. हरीओमनं टाळी वाजवली आणि म्हणाला, "असंच पाह्यजे होतं त्याले."

प्रयागबाई उठल्या. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "हासू नका."

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, खाली बसा न, दिसून नाई राह्यलं."

"तो माया भाऊ हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "त्यानं सांगतलं म्हणून माई सून घरी गेली अन् मेली. तरी सांगतो, त्याच्यावर हासू नका. ज्यायनं त्याले पाठवलं त्यायच्यावर तुमी अर्धे अर्धे हासले. याच्यावर सारेच्या सारे हासून राह्यले."

एवढंच त्या बोलल्या. कोणी म्हणतात त्यांनी पडद्यावर चप्पल फेकली, कोणी म्हणतात पुढाऱ्याला शिव्या दिल्या. तसं काही झालं नाही. सिनेमाही थांबला नाही. त्या संस्कृतीचा हात धरून खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर आल्या.

हरीओम मागोमाग आला. बाहेरच्या मांडवात पाण्याच्या कॅनजवळ त्यानं मायला गाठलं. चेहरा लाल झाला होता.

"काय करून ठेवलं वं माय? माया मालकाची माणसं बसेल होती तथी."

"बसू दे."

"तुले त्याचा पुळका काहून? वैभवी गेली माई. तुया भावानं मारली."

"मारली," प्रयागबाई म्हणाल्या. "मी नाई म्हणून नाई राह्यली. पण ज्यानं तलाव बांधला त्याचा रुमाल तुया गळ्यात हाय, हरीओम. त्याच्या हातचा पगार आपण खातो. त्याच्याशी तुले बोलता येते अन् मामाशी बोलता येत नाई. असं काहून, हे मले सांग."

हरीओम कॅनचा नळ सुरू करून तोंडावर पाणी मारत राहिला. नळ बंद करायचं त्याला भान राहिलं नाही. संस्कृतीनं पुढे होऊन तो बंद केला. बापाच्या तोंडावरून निथळतंय ते सगळंच नळाचं नाही, हे त्या पोरीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई एकट्याच एसटीनं मेडशीला गेल्या.

जगदेव गावाबाहेर एका माणसाच्या संत्र्याच्या बागेत राखणीला होता. बागेला लागून उन्हाळी मूग होता आणि त्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरायचे. प्रयागबाई बांधावरून आत गेल्या तेव्हा तो पत्र्याचा डबा काठीनं बडवत रोह्यांचा कळप हाकलत होता. तोंडातून आवाज काढत नव्हता. एका हाकेनं ज्यानं ते अर्ध्या कोसावर पळवले असते, तो माणूस डबा वाजवत होता. केस पांढरे झाले होते. बहिणीला पाहून त्यानं डबा खाली ठेवला.

"अक्का," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा.

दोघं संत्र्याच्या झाडाखाली बसले. त्यानं मडक्यातलं पाणी दिलं. प्रयागबाई पाणी प्यायल्या. मग त्यानंच विचारलं, "सिनेमा लागला म्हणे रिसोडले. माया पुकारा हाय म्हणते त्यात."

"हाय."

"तुवं पाह्यला?"

"पाह्यला."

"लोकं हासले?"

प्रयागबाईंनी खोटं सांगायचा विचार केला. पण ज्या भावाला बोलायला शिकवलं त्याच्याशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "हासले," त्या म्हणाल्या. "लय हासले."

जगदेवनं मान हलवली. "शेवटी काय होते त्या माणसाचं?"

"बुडते."

"मरते?"

"हो."

"बरं झालं," जगदेव म्हणाला.

प्रयागबाईंनी त्याच्या तोंडात मारली. लहानपणी कधी उचलला नव्हता तो हात साठीत उचलला. आणि मग त्याच हातानं त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. पन्नाशीचा माणूस लेकरासारखा रडला, पण आवाज न करता. त्याचं सगळं अंग हलत होतं आणि आवाज तेवढा नव्हता. प्रयागबाईंना तेच सहन झालं नाही.

तो शांत झाल्यावर त्यांनी तीन वर्षं मनात असलेलं विचारलं. "जगदेव, तुले मालूम होतं काय?"

"नाई."

"खरं सांग."

"मालूम नोतं, अक्का. ते म्हणे, आमी पाहून आलो. मी मानलं. पण बांध सडकेवरूनच दिसते. मी त्याच्या खालून ऑटो घेऊन आलो. पाऊस होता, म्हणून पडदा टाकेल होता. पडदा वर करून पाह्यला असता तर दिसलं असतं. मले कोणी रोखलं नोतं."

त्यानं काठीनं माती उकरली.

"वैभवीनं इचारलं तवा तरी जाऊन पाह्याले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "तिनं एकटीनं इचारलं. बाकी कोणीच इचारलं नाई. मी तिले भाकरी टाकाले धाडलं."

या ठिकाणी प्रयागबाईंना बोलायचं होतं. त्या त्याच्यासाठीच आल्या होत्या. तुझी चूक नाही, किंवा चूक आहे पण मी ती पोटात घातली, असं काहीतरी. एसटीत बसल्यापासून ते शब्द त्यांनी मनात जुळवले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे वैभवीची नखं आली. काल परक्या लोकांसमोर भावासाठी उभं राहता आलं होतं. आज त्याच्यासमोर बसून एक वाक्य निघेना.

त्यांनी पदराला बांधून आणलेली भाकरी आणि चटणी सोडली. "जेव," त्या म्हणाल्या. तो जेवला. त्यांनी त्याचं मळकं अंथरूण झटकलं, सदरा धुऊन झाडावर वाळत टाकला. दुपारच्या गाडीला तो सडकेपर्यंत सोबत आला. गाडी दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "हरीओम?"

"तो नाई येणार," प्रयागबाई म्हणाल्या. "अजून तरी नाई."

"येऊ बी नाई त्यानं," जगदेव म्हणाला आणि गाडीला हात दाखवला.

गाडीत खिडकीशी बसून प्रयागबाई रिसोडपर्यंत रडल्या. शेजारच्या बाईला वाटलं, मयतीहून येत असतील. तिनं थोडी सरकून जागा दिली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. सिनेमा तीन दिवस चालून गेला. नंतर तो मोबाइलवर आला आणि सगळ्यांनी पुन्हा पाहिला. दोन्ही पक्षांच्या सभांत त्यातले संवाद म्हणतात, अजूनही प्रत्येक जण समोरच्याला उद्देशून. तलावाचा बांध पुन्हा बांधला, त्याच माणसानं. जगदेवचा खटला चालू आहे. कागद देणारी माणसं त्यात साक्षीदार आहेत.

हरीओम गोदामात जातो. सिनेमानंतर त्यानं गळ्यात रुमाल घातला नाही, आणि मालकानंही काही विचारलं नाही. कदाचित कोणाचं लक्षही गेलं नसेल. मायशी त्या विषयावर तो परत बोलला नाही. एकदा फक्त जेवता जेवता म्हणाला, "मी हासलो, माय. मंत्र्यावरच नाई, त्या भोंगेवाल्यावर बी. मामासारखाच दिसत होता तो थोडा." आणि ताटावरून उठून गेला.

दिवाळीत प्रयागबाई मेडशीला गेल्या. भाऊबीज होती. जगदेव पाटावर बसायला तयार होईना. आपल्याला ओवाळून घ्यायचा हक्क नाही, असं म्हणाला. त्यांनी वाद घातला नाही. तो बागेत उभा होता तिथंच उभ्यानं ओवाळलं. वारा होता, निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं.

तेव्हापासून त्या दर महिन्याला जातात. भाकरी नेतात, सदरा धुतात, संत्र्याला बहर कसा आला ते बोलतात. शेजारणीनं एकदा विचारलं, केलं का माफ भावाला? प्रयागबाई सूप घेऊन तूर पाखडत होत्या.

"नाई झालं अजून," त्या म्हणाल्या. "होईल का नाई तेबी मालूम नाई. पण तो एकटाच असते तथी, म्हणून जातो."